माझ्या कथेच्या पाठीवरचे बावीस जमैकन

ओमानमधल्या इब्रीत मला सगळे झेरॉक्सवाला म्हणून ओळखतात आणि त्यात चूक काही नाही. कॉलेजला जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव सोडून इथे आलो त्याला सव्वीस वर्षं झाली. पण खरं म्हणजे मी कथालेखक आहे. हे वाक्य मी रोज एकदा स्वतःशी म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणत नाही. बायको तर मुळीच नाही. तिच्या मते मी रोज दोन तास कागद खराब करणारा माणूस आहे, आणि झेरॉक्सच्या दुकानात याहून मोठा गुन्हा नाही.

लिहायची माझी वेळ सकाळी दहा ते बारा. तेव्हा कॉलेजात तास चालू असतात, गिऱ्हाईक तुरळक. लॅमिनेशनच्या मशीनमागे एक स्टूल आहे, तिथे मांडीवर फळी घेऊन मी बसतो. एका संपादकाने मला कधीतरी कळवलं होतं की तुमची वाक्यं छोटी आणि नेमकी असतात. ते पत्र मी जपून ठेवलंय. त्या बिचाऱ्याला काय माहीत, जरा लांब वाक्य सुरू केलं की कोणीतरी बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, पुढे करतं आणि दोन्ही बाजू पाहिजेत म्हणतं. माझी पात्रं अशी अर्ध्या वाक्यात खोळंबून उभी असतात. एका कथेत तर एक म्हातारा दारात पाय ठेवतो आणि घरात पोचायला त्याला तीन दिवस लागले.

तर त्या वर्षी एका बऱ्यापैकी दिवाळी अंकाच्या संपादकांचा आपणहून फोन आला. अकरा वर्षं मी कथा पाठवत होतो आणि अकरा वर्षं ते ती साभार परत करत होते. आता म्हणे, यंदा तुमची एक हवी. दोन दिवस मी दुकानात नवरदेवासारखा वावरत होतो. बायकोने विचारलं, ताप आहे का? मला टाइप करता येत नाही, ते म्हणाले हाताने लिहा आणि पानांचे फोटो पाठवा, पण मंगळवारपर्यंत. त्यापुढे एक दिवस थांबणार नव्हते. मी लिहायला लागलो तेही जुन्या पद्धतीने, कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, वर गोलात पान नंबर. पूर्वी मासिकांत सूचनाच असायची, कागदाच्या एकाच बाजूला सुवाच्य अक्षरात लिहावे. आता कोणी विचारत नाही. पण एकदा अंगात भिनलेली शिस्त जात नाही, आणि त्या शिस्तीनेच माझा घात केला.

कथा एका दुकानदाराची होती. आखातात दुकान, बायको मदतीला, एके दिवशी ती अचानक जाते, आणि तो तिची मय्यत विमानाने कोकणात नेतो. ती बायको पूर्णपणे काल्पनिक आहे असं मी स्वतःला बजावत होतो. बावीस पानं झाली आणि तेविसावं अडलं. तो पुढे गावातच राहतो की परत येतो, हे काही केल्या सुचेना. राहिला तर खोटं वाटत होतं, आला तर निर्दय वाटत होता.

वाचणारा म्हणेल, अरे शहाण्या, झेरॉक्सच्या दुकानात बसतोस, एक प्रत काढून ठेवायला काय झालं होतं? झालं होतं. पूर्वी एकदा एका अपुऱ्या कथेची प्रत काढली आणि ती कथा आजतागायत अपुरीच आहे. तेव्हापासून मी कानाला खडा लावला, शेवटचा शब्द लिहिल्याशिवाय प्रत नाही, फोटो नाही. बावीस पानं मी आमच्या रद्दीच्या खणात ठेवायचो, जिथे एका बाजूने कोरे राहिलेले कागद टाकतो. दुकानातली ती सगळ्यांत सुरक्षित जागा. तिथे कोणी ढुंकून बघत नाही.

आता मॅडमची ओळख करून द्यायला हवी. ही कॉलेजात इंग्रजी शिकवायची. साठीची, उंच, उन्हाळ्यातसुद्धा डोक्यावर गवती टोपी, आणि आवाज असा की दुकानाबाहेर बोलली तरी मशीनजवळ ऐकू यायचं. जमैकाची. इब्रीत जमैकाची अशी ती एकटीच असावी. तिचं एकच दुःख होतं. ती जमैकाची आहे कळलं की समोरचा एकतर तो धावणारा आठवून हात आकाशाकडे तिरके करायचा, नाहीतर त्या गाणाऱ्याची चाल गुणगुणायचा. टॅक्सीवाला, भाजीवाला, कॉलेजचा डीन, सगळे तेच. मी पहिल्या भेटीत यातलं काहीच केलं नाही. मी म्हणालो, तुमच्याकडच्या एका फास्ट बोलरने आमच्या लोकांच्या बरगड्या शेकवल्या होत्या आणि मी लहान असताना रेडिओला कान लावून रडलो होतो. तिला इतका आनंद झाला की तिने तीन डझन पेन घेतली.

त्यांच्या देशात थोरांचा म्हणून एक दिवस असतो, ऑक्टोबरात. इथे तेव्हा परीक्षा येतात म्हणून ती सप्टेंबरातच उरकून घ्यायची. वर्गातल्या प्रत्येकाला एक जमैकन वाटून द्यायचा, एकाच पानावर त्याची माहिती, आणि त्या मुलाने किंवा मुलीने हॉलमध्ये सगळ्यांसमोर इंग्रजीत त्याचं कौतुक करायचं. अट एकच, धावणारा नाही आणि गाणारा नाही. माझा बोलरही तिने यादीत घेतला नाही, फार प्रसिद्ध म्हणून. यादीत वकील होते, एक परिचारिका होती, मुक्या मुलांची शाळा काढणारी मास्तरीण होती, पूल बांधणारा इंजिनियर होता. त्या वर्षी वर्गात बावीस जणं होती.

त्या गुरुवारी मी लायसन्सच्या कामाला बलदियात, म्हणजे नगरपालिकेत गेलो होतो. दुकानात बायको. कागदाची गाडी सोहारहून येणार होती ती आली नाही, आणि मॅडम पेन ड्राइव्ह घेऊन दारात. बावीस पानं, आत्ताच्या आत्ता, मुलं आज घरी जातात. आमच्याकडची मुलं आसपासच्या गावांतून येतात, गुरुवारी जी जातात ती रविवारीच उगवतात. कोरा कागद संपलेला. पण माझी बायको गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्यातली नाही.

चार वाजता दुपारची विश्रांती संपवून दुकान उघडलं, खण ओढला. खण रिकामा होता. बायकोला विचारलं तर ती शांतपणे कात्रीला तेल घालत होती. तिने सगळं सांगितलं. मॅडम कशी घाईत होती, गाडी कशी आली नाही, तिने खणात तेवढीच उरलेली पानं कशी एकसारखी करून कोरी बाजू बरोबर खाली धरून ट्रेमध्ये घातली आणि मशीनने एकही पान अडकवलं नाही. शेवटचं तर ती जरा अभिमानाने म्हणाली. मी ओरडलो, ती माझी कथा होती. ती म्हणाली, "एका बाजूला घाण होती, दुसरी कोरी होती. मी कोरी वापरली."

मी तसाच कॉलेजात धावलो. मॅडम गाडीत बसत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मागची अक्षरं तिने पाहिली होती, तिला वाटलं दुकानाने हौसेने काही भारतीय नक्षी छापून दिली आहे, मुलांना पण तिने तसंच सांगितलं. पंचवीस-तीस वर्षं मी घोटलेलं अक्षर, नक्षी! मी म्हणालो, मुलांना फोन करा, पानांचे फोटो मागवा. ती नाही म्हणाली. मुलांना कागदात काही घोळ झाला हे कळलं तर तयारी न करायला त्यांना आयतं निमित्त मिळेल, असली निमित्तं ऐकण्यात तिची हयात गेली होती. "सोमवार," ती म्हणाली. "सोमवारी माझे जमैकन बोलून होऊ देत, मग तुमची कथा घेऊन जा." आणि टोपी सारखी करून गेली.

शुक्रवार, शनिवार, रविवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. बायकोने एकदा सुचवलं की पुन्हा लिहा, तुमचंच तर आहे, पाठ असेल. मी तिच्याकडे असं बघितलं की ती दोन तास बोलली नाही. पाठ! स्वतःचा मोबाइल नंबर मला पाठ नाही. शिवाय एखादं वाक्य एकदा बरोबर जमलं की जमलं, दुसऱ्यांदा ते जमत नाही, हे मी तिला कसं समजावणार? मनातल्या मनात मी बावीस मुलांना बावीस ठिकाणी पाहत होतो. कोणी पानाची होडी केली, कोणी बकरीपुढे टाकलं, कोणी त्यावर चहा सांडला.

सोमवारी सकाळी दुकानाला कुलूप लावून आम्ही दोघं हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसलो. बायकोला मुद्दाम नेली होती. माझा लांबचा चष्मा फुटला होता आणि तिची नजर घारीची. तिचं काम सोपं होतं, प्रत्येक मूल उभं राहिलं की पानामागचा गोलातला नंबर बघायचा आणि वहीत खूण करायची. एक ते बावीस, सगळे आले की आपण सुटलो. ती नाखुशीने वही घेऊन बसली. माझं एक अक्षर तिने कधी वाचलेलं नव्हतं. लग्नाआधी म्हणे एक वाचलं होतं, पत्र, आणि त्यातच तिची हौस फिटली.

पहिली मुलगी उठली. लाजाळू पोर, तिने पान तोंडासमोर असं धरलं की आम्हाला तिचे डोळेही दिसेनात. दिसत होतं ते फक्त माझं पान, सरळ, स्थिर, भिंतीवर लावल्यासारखं. बायकोने नऊवर खूण केली. पुढचा मुलगा पांढऱ्या पायघोळ दिश्दाशातला, हातवारे करणारा. त्याचा वकील कोर्टात जितका तावातावाने भांडला असेल तितकं माझं तिसरं पान हवेत फिरलं. हा प्रकार मग चालूच राहिला. मुली पान धरून ठेवायच्या, मुलगे हलवायचे. मला तर अक्षरं सगळी धूसर, तेव्हा मी निदान जमैकन ऐकत होतो. आणि खरं सांगतो, ऐकत राहिलो. यनकुलकडचा एक मुलगा त्या शाळावाल्या मास्तरणीबद्दल असं बोलला की जणू ती त्याची मावशी. तिने गोठ्यात शाळा काढली, म्हणाला, आणि पहिल्या दिवशी एकच मूल आलं, तरी तिने घंटा वाजवली. त्याचं इंग्रजी लंगडत होतं पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मॅडम कोपऱ्यात उभी राहून त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. एका पानात या लोकांचं एवढं आयुष्य मावलं होतं, आणि मी बावीस पानं खर्चून एकाला घरी पोचवू शकत नव्हतो. मला हेवा वाटला, लपवत नाही.

मध्येच माझ्या लक्षात आलं की बायकोच्या पेन्सिलीचा आवाज थांबलाय. ती वाचत होती. सहावं पान कोणीतरी स्थिर धरलं होतं आणि तिचा हात आपोआप गळ्याशी गेला होता. सहाव्या पानावर दुकानदाराची बायको गळ्यात दोरीने कात्री अडकवून फिरते आणि मशीन बंद पडलं की त्याच्या डाव्या अंगाला थापड मारते. मी हळूच विचारलं, नंबर लिहिलास का? तिने वहीकडे न बघताच सहावर खूण केली. पुढे एकोणीस आलं, मग अकरा, मग दोन. उलटसुलट का होईना, तिला कथेचा वास लागला होता. आता ती मान पुढे काढून वाचायला लागली, मुलगे पान हलवायचे तेव्हा तोंडातल्या तोंडात चरफडायची. एकाला तर ती हाताने खूण करून थांब म्हणाली. त्या बिचाऱ्याला वाटलं आपलं इंग्रजी चुकलं.

आणि मग परिचारिकेची मुलगी उठली. वर्गातली सगळ्यांत हुशार, खणखणीत आवाज, पान दोन्ही हातांत ताठ. ती सांगत होती की या बाईने साथीच्या दिवसांत गावंच्या गावं कशी मरणाच्या दाढेतून ओढून काढली, औषध नव्हतं तेव्हा पाला उकळून दिला, रात्रंदिवस उभी राहिली. हॉलमध्ये टाळ्या. आणि त्या कौतुकाच्या पाठीवर होतं माझं चौदावं पान. चौदाव्या पानावर ती मरते. फार सफाईने मारली होती, चार छोट्या वाक्यांत.

बायकोने शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे वळून, टाळ्या चालू असतानाच, दबक्या आवाजात म्हणाली, "ती बाई तिकडे गावंच्या गावं वाचवते, आणि तुम्हाला एक वाचवता आली नाही?"

मी म्हणालो, ती तू नाहीस. ती म्हणाली, कात्री कोणाच्या गळ्यात असते? मी म्हणालो, लेखक दहा ठिकाणचं घेतो. ती म्हणाली, बाकीच्या नऊ ठिकाणच्या बायकांची नावं सांगा. पुढच्या रांगेत बसून आम्ही भांडतोय हे बघून मॅडमने टोपीखालून असे डोळे वटारले की आम्ही दोघंही शाळेतल्या पोरांसारखे गप्प झालो.

बावीसच्या बावीस पानं मिळाली. एकावर चहा सांडला होता, पण जमैकन बाजूला. मॅडमला पानं भिंतीवर लावायला हवी होती, मी तिला जमैकन बाजूच्या प्रती काढून लॅमिनेट करून दिल्या आणि मूळ पानं स्वतःकडे ठेवली. माझा जीव भांड्यात पडला. पण उद्या मंगळवार, आणि तेविसावं पान अजून कोरं.

दुपारनंतर दुकान उघडलं तेव्हा बायकोने पानं क्रमाने लावली आणि पहिल्यापासून वाचायला बसली. गिऱ्हाईक आलं की मान वर न करता बताका घ्यायची, दोन्ही बाजू काढून द्यायची, परत वाचायची. मी लॅमिनेशनच्या मशीनमागे बसून तिचा चेहरा बघत होतो. अकरा वर्षं संपादकांच्या पत्राची वाट पाहिली, पण अशी धडधड कधी झाली नव्हती. अठराव्या पानावर ती थांबली. तिथे बायको गेल्यावर पहिल्या सकाळी दुकानदार स्वतःचा चहा करतो. तिने बोट ठेवून विचारलं, याला साखर कशी सापडली? मी म्हणालो, सापडली. मग तिने विचारलं, आपल्या घरात साखर कुठे असते? मी बराच विचार केला. शेवटी ते वाक्य मी तिच्यासमोर खोडलं आणि दुकानदाराला बिनसाखरेचा चहा पाजला. खरं सांगायचं तर पान सुधारलं.

मग ती विसाव्या पानावर आली, विमान, पेटी, खाडीकाठचं कब्रस्तान. हे पान मला फार आवडत होतं. तिने ते दोनदा वाचलं.

"मला एवढ्या लांब कशाला नेलंत?" ती म्हणाली.

कथेतला दुकानदार, कथेतली बायको वगैरे सोडून ती सरळ मला म्हणाली, आणि मीही मग ती तू नाहीस म्हणायचं सोडून दिलं. मी सांगायला लागलो, आपली माती, आपली माणसं, खाडीचा वारा. ती ऐकत होती. मग तिने एकेक करून सांगितलं. आईबाप गेले. भाऊ कुवेतला. घराला कुलूप, पावसाळ्यात शेजारी येऊन कौलं बघून जातात तेवढंच. मुलगी लग्न होऊन पुण्यात. "तुम्ही चाळिसावा करून इथे परत येणार आणि दुकान उघडणार. न येऊन सांगता कोणाला? मग मी तिथे एकटी काय करू? मला इथेच ठेवा. रोज दुकानात येता-जाता तुम्ही दिसाल तरी."

आमच्या घरापासून दुकानाच्या वाटेवर एक कब्रस्तान लागतं. कुंपण, आत खडी, आणि खडीत उभे केलेले ओबडधोबड दगड. सव्वीस वर्षं मी त्यावरून जातोय. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी वाद घालतो ही माझी खोड आहे. मी म्हणालो, इथे कबरीवर नावही नसतं, नुसते दगड, तुला शोधायचं कसं?

ती पानं एकसारखी करत होती. म्हणाली, "सव्वीस वर्षं माझ्या शेजारी बसलात. तुम्हाला मी सापडणार नाही?"

तेवढ्यात कोणीतरी बताका घेऊन आलं. तिने घेतला, मशीनला थापड मारली आणि दोन्ही बाजू काढून दिल्या.

तेविसावं पान मी त्याच संध्याकाळी काउंटरवर, तिच्या शेजारी बसून लिहिलं. विसाव्यातलं विमान आणि पुढच्या दोन पानांतलं गाव काढून टाकलं. माझा दुकानदार तिला इथेच ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो. मंगळवारी फोटो पाठवले. चार दिवसांनी संपादकांचा फोन आला. कथा त्यांना आवडली होती, पण शेवट जरा कोरडा वाटतो, म्हणाले, मय्यत गावी नेली तर वाचकाच्या काळजाला हात घालेल, बदलता का? अकरा वर्षांत त्यांनी माझ्या कथेत पहिल्यांदाच बदल मागितला होता. मी म्हणालो, नाही जमणार साहेब, तिला इथेच राहायचंय.